घोडा दुसऱ्याच्या पागेंत ठेवण्यापूर्वीं

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. ज्या काळीं दारांत सायकल ठेवावयास जागा मिळत नाहीं, त्या काळीं घोड्याची गोष्ट काय काढावी! परंतु घोडे अजून आहेत. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास भरणाऱ्या यात्रेंत आजही घोड्यांचा मोठा बाजार होतो. शहरांतील मुलें घोड्यावर बसावयास शिकतात आणि त्यांतील कांहींजण स्वतःचा घोडा घेतात. पूर्वीं धन्याच्या दारांतच घोड्याचें ठाण असे. आतां घोडा घ्यावयाचा आणि दरमहा पैसे देऊन दुसऱ्याच्या पागेंत ठेवावयाचा, अशी रीत पडली आहे. ही पागा कशी निवडावी, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

मीं जन्मभर मुलें शिकविलीं. मुलाला वसतिगृहांत ठेवलें आणि तेथील जेवण वाईट निघालें, तर तें आठ दिवसांत घरीं कळवितें. घोड्याला कळवितां येत नाहीं. त्याची तक्रार त्याच्या अंगावर, खुरांत आणि लिदेंत लिहिलेली असते, आणि ती वाचावयास धन्यानें स्वतः जावें लागतें.

हें शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या भाच्यानें एक अबलख घोडी घेतली. "मामा, जागा पाहावयास चला," म्हणून तो मला एका पागेंत घेऊन गेला. कमान रंगविलेली, अंगणांत फुलांच्या कुंड्या, मालकांचें बोलणें गोड. आम्हीं भाडें विचारलें, झाडलेलें ठाण पाहिलें, चहा घेतला आणि परत आलों. रात्रीं तेथें कोण निजतें, हें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नाहीं. सायंकाळीं पांच वाजतां चंदी-चारा घालून मोतद्दार घरीं जात, ते सकाळीं सातला येत. पौषांतील एका रात्रीं घोडीच्या पोटांत शूळ उठला. सकाळीं लोक आले तेव्हां ती घामानें भिजून आडवी पडली होती. समोरची बादली कोरडी होती. पशुवैद्यांनीं शर्थ केली, पण वेळ निघून गेली होती. भाचा म्हणाला, "मामा, रात्रभर तिनें कोणाची वाट पाहिली असेल?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पागेवाल्यांची चूक होतीच; पण विचारावयाचें तें न विचारण्याची चूक आमची होती.

घोड्याचें शरीर कसें चालतें हें समजलें, म्हणजे काय विचारावें तें आपोआप कळतें. एवढ्या मोठ्या जनावराचें जठर अगदीं लहान, ८ ते १५ लिटरांचें असतें. त्यांत आम्लरस अहोरात्र पाझरत असतो. तें फार वेळ रिकामें राहिलें तर आंत व्रण पडतात. एकदम दाणा भरला तर पोट फुगतें. आणि घोड्याला ओकारी होत नाहीं, म्हणून आंत गेलेलें परत येण्यास वाट नाहीं. मोकळा असला तर तो दिवसाचे बहुतेक तास चरतच असतो. तेव्हां चारा थोडा थोडा पण वारंवार, आणि दाणा बेतानें, हा नियम होय. ४०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठीं ६ ते ८ किलो सुका चारा लागतो. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यांत त्याहून अधिक.

म्हणून पहिला प्रश्न हा कीं, रात्रींचा शेवटचा चारा किती वाजतां आणि सकाळचा किती वाजतां? दोहोंमध्यें बारा-चौदा तास घोडा रिकामा उभा राहत असेल, तर तेथून उठावें. दुसरा, पाणी रात्रभर पुढें असतें काय? तिसरा, रात्रीं जागेवर माणूस असतो काय. आणि घोडा पुढचा पाय आपटूं लागला, वळून वळून कुशीकडे पाहूं लागला किंवा लोळूं लागला, तर हा शूळ आहे हें त्याला ओळखतां येतें काय?

नंतर ठाणांत शिरून खालीं वांकावें. अंथरणांतील मुताचा उग्र वास जमिनीजवळ अधिक असतो, आणि घोडा निजतो तो तेथेंच. तो वास आपल्या डोळ्यांना झोंबला, तर घोड्याच्या फुप्फुसांना तो रोज झोंबतो असें समजावें. बारा फूट लांब, बारा फूट रुंद जागा आणि खेळता वारा, एवढें तरी असावें. मग मालकांच्या परवानगीनें एखाद्या घोड्याचा पाय उचलवून पाहावा. खुराच्या तळाशीं काळी घाण आणि कुजका वास आढळला, तर खूर रोज साफ होत नाहींत. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनीं येतो काय, धनुर्वाताची लस टोंचतात काय, नवें जनावर आलें तर तें कांहीं दिवस निराळें बांधतात काय, हेंही विचारावें. २००८ सालीं आपल्या देशांत घोड्यांमध्यें इन्फ्लुएन्झाची साथ पसरली होती. ग्लँडर्स नांवाचा रोग तर घोड्यापासून माणसासही होतो.

ही काळजी नवी नव्हे. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास शिवछत्रपतींनीं चिपळूणजवळच्या छावणींतील अधिकाऱ्यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण बेताशिवाय उडविली तर पुढें घोडे उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्या माथीं येईल, अशी त्यांत ताकीद आहे. जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत महाराजांची नजर गेली आहे. राज्य चालविणाऱ्यास वैरणीच्या गंजीकडे पाहावयास सवड होती, मग एका घोड्याच्या धन्यास ती कां नसावी? वैरणीची कोठी उघडून पाहावी. चारा कोरडा आहे कीं बुरसटलेला, किती दिवसांचा सांठा आहे, विजेच्या तारा गवताजवळून तर गेल्या नाहींत ना, हें तपासावें.

हें सर्व पटल्यावर भाड्याचें बोलावें. भाड्यांत चारा, चंदी, खरारा, नालबंदी व औषध ह्यांपैकीं काय येतें आणि काय येत नाहीं, तें कागदावर घ्यावें. घोडा आजारी पडला आणि आपण सांपडलों नाहीं, तर कोणत्या पशुवैद्यास बोलवावें व किती खर्च करावा, हें आपण आधींच लिहून द्यावें. रात्रीं दोन वाजतां विचार करीत बसण्यास घोड्याजवळ सवड नसते.

आणि शेवटीं, मोतद्दार ठाणांत शिरतांच घोडा कान पुढें करून येतो कीं कोंपऱ्यांत सरतो, तें पाहावें. ही साक्ष सहसा खोटी निघत नाहीं.

दोन वर्षांनीं भाच्यानें दुसरा घोडा घेतला. ह्या पागेला कमान नाहीं, छप्पर पत्र्याचें आहे. पण ठाणांशेजारीं एका म्हाताऱ्या मोतद्दाराची खाट आहे आणि तो तेथेंच निजतो. तरीही भाचा न कळवितां केव्हांही जातो, आणि गेल्याबरोबर प्रथम बादलींत हात घालून पाहतो.