शेगडीची ऊब आणि घराचें साणें

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, सोलापूर)

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यांत रात्रीचा गारठा जाणवूं लागतो. उन्हाळ्यांत ४० अंशांच्या पुढें जाणारा पारा या दिवसांत पहाटे १५ अंशांच्या आसपास येतो, व एखाद्या रात्रीं १० अंशांपर्यंतहि उतरतो. उत्तर हिंदुस्थानाच्या मानानें ही थंडी थोडकीच. परंतु उन्हास सरावलेल्या आमच्या शरीरास ती पुरेशी होते. रात्रीच्या विजेवर ज्वारीस पाणी देऊन भिजल्या पायांनीं घरीं आलेला शेतकरी प्रथम चुलीकडे वळतो. त्या चुलीच्या धाकट्या बहिणीविषयीं, म्हणजे कोळशाच्या शेगडीविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. स्वयंपाकघरांतील विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेंच कीं, गोठ्यांत वारा खेळता असावा याविषयीं आपण जितकी काळजी घेतों, तितकी घरांतील बाळंतिणीच्या खोलीविषयीं घेत नाहीं.

आपलीं जुनीं घरें माळवदी. जाड भिंती, लांकडी तुळया आणि वर मातीचा थर. अशा घरांत चुलीच्या वर माळवदास एक भोंक ठेवीत. त्यास आपण साणें म्हणतों. दिवसा त्यांतून उजेड येई व चूल पेटली म्हणजे धूर जाई. तापलेली हवा हलकी होऊन साण्यांतून वर निघून जाई, आणि तिची जागा भरण्यास दाराच्या फटींतून ताजी हवा आंत येई. घर थोडें गार राही, परंतु श्वासास तोटा पडत नसे. आतां माळवदें जाऊन सिमेंटचे स्लॅब आले. त्यांत गैर कांहीं नाहीं. घर गळत नाहीं व मातीहि झडत नाहीं. मात्र नव्या घरांत साणें राहिलें नाहीं, आणि शेगडी मात्र तशीच राहिली. हा फरक किती महाग पडूं शकतो, हें मला माझ्याच घरीं कळलें.

सेवानिवृत्तीची रक्कम हातीं आल्यावर मीं जुन्या घराची मागील बाजू उतरवून १० फूट रुंद व १२ फूट लांब अशी स्लॅबची खोली बांधली. सारें आयुष्य महसूल खात्यांत गेल्यामुळें मोजमापांत व कागदपत्रांत कसर राहूं दिली नाहीं. दार घट्ट बसणारें, खिडकी सरकत्या कांचेची. वाऱ्यास शिरकाव नाहीं, याचा मला अभिमान वाटे. पुढें पौषांत मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली. बाळ आठ दिवसांचें असतां एका सायंकाळीं आमच्या मंडळींनीं रीतीप्रमाणें बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेविली, तींत चिमूटभर ओवा टाकला, आणि खिडकीच्या फटींत जुनें लुगडें बसविलें. निखारे लाल झाले होते, धूर दिसत नव्हता. म्हणून कोणासच शंका आली नाहीं. तासाभरानें मुलीचें डोकें दुखूं लागलें, मग ओकारी आली. ‘अंग ओलें आहे, अशक्तपणा असेल,’ असें मींच सांगितलें. बाळ तर दूध ओढीनासें झालें.

त्याच वेळीं शेजारच्या गल्लींतून आमच्या आत्या बाळास पाहण्यास आल्या. वय ऐंशीच्या पुढें. खोलींत पाऊल टाकतांच त्यांनीं वर पाहिलें व म्हणाल्या, “आरं बाबा, हितं सानं कुठं हाय? जीव गुदमरंल की पोरीचा!” त्यांनींच दार सताड उघडविलें व शेगडी अंगणांत नेवविली. आम्हीं दोघां मायलेकरांस तांतडीनें रुग्णालयांत नेलें. तेथें प्राणवायु दिल्यावर दोघेंहि सावरलीं. माझी मोजणी बरोबर आली होती. साणें तेवढें नकाशांत नव्हतें.

आतां याचें कारण पाहूं. कोळशास भरपूर हवा मिळाली म्हणजे तो पूर्ण जळतो. हवा अपुरी पडली म्हणजे त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, डोळ्यांस चुरचुर नाहीं. धूर निदान खोकला आणून सावध तरी करतो; हा वायु मुळींच सावध करीत नाहीं. आपल्या रक्तांतील जो तांबडा पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळें छाती वरखालीं होत असते, पण अंगास प्राणवायु पोंचत नाहीं. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें ही गोष्ट १८५७ सालीं मांडली.

प्रमाण किती, तेंहि पाहावें. हवेच्या १०,००० भागांत या वायूचे अवघे ४ भाग झाले तरी एक-दोन तासांत डोकें दुखूं लागतें. १६ भाग झाले तर वीस मिनिटांत भोवळ व मळमळ सुरू होऊन तासा-दोन तासांत प्राणावर बेततें. माझ्या खोलीची उंची १० फूट धरली तर तिचें घनफळ १,२०० घनफूट. तींत पहिलें प्रमाण होण्यास सुमारें १३ ते १४ लिटर वायु पुरे, म्हणजे एका लहान घागरीएवढा! शे-दोनशे ग्रॅम कोळसा जळतांना एवढा वायु सहज निर्माण होऊं शकतो. झोपेंत असलेल्या माणसास डोकेंदुखीची सूचनाहि मिळत नाहीं. तो जागाच होत नाहीं.

याविषयीं कांहीं चुकीच्या समजुती आपल्याकडे आहेत, त्या सोडून द्याव्या.

१. शेगडीजवळ पाण्याचें भांडें ठेविलें म्हणजे विष शोषलें जातें, ही समजूत खोटी आहे. हा वायु पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं.

२. निखाऱ्यांवर राख पसरली म्हणजे धोका जातो, असें नाहीं. राखेनें हवा कमी पोंचते व निखारे तसेच धुमसत राहतात. त्यांतून हा वायु निघतच राहतो.

३. धूर नाहीं म्हणजे भय नाहीं, ही समजूत सर्वांत घातक होय.

४. बोटास लावावयाचें प्राणवायु मोजण्याचें यंत्र २०२० च्या साथीपासून अनेक घरीं आलें आहे. या विषबाधेंत तें फसवितें. विषारी वायूनें भरलेलें रक्तहि त्यास चांगलेंच दिसतें. आंकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसूं नये.

यास्तव नियम एकच धरावा : जेथें माणूस निजतो त्या बंद खोलींत निखारा ठेवूं नये. शेकावयाचें तर अंगणांत किंवा उघड्या ओसरीवर शेकावें, आणि निजण्यापूर्वीं निखारे पाणी ओतून विझवावे. ज्या खोलींत चूल किंवा शेगडी वापरणें भागच आहे, तेथें छपराजवळ धुराची वाट व खालीं ताज्या हवेची वाट, अशा दोन्ही कायम उघड्या ठेवाव्या. स्नानगृहांतील गॅसच्या बंबासहि हाच न्याय लागू आहे. बंद न्हाणींत त्याची ज्योत हाच वायु सोडूं शकते. तो बाहेर बसवून आंत फक्त गरम पाण्याची नळी घ्यावी. कोणास भोवळ आलीच, तर प्रथम दारें उघडून माणसास मोकळ्या हवेंत आणावें, १०८ क्रमांकास फोन करावा, आणि शेगडी पेटलेली होती हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. साध्या हवेंत रक्तांतील निम्मा विषारी वायु जाण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तासांत तेवढें काम होतें. म्हणून घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

मग ऊब कोठून आणावी? बाळासाठीं आईच्या उघड्या छातीसारखी शेगडी नाहीं. बाळास आईच्या कातडीशीं कातडी लावून धरावें व दोघांवर पांघरूण घालावें, बाळाचें तोंड मात्र मोकळें ठेवावें. कोलंबिया देशांतील बोगोटा येथें १९७८ सालीं कमी वजनाच्या बालकांसाठीं ही पद्धत सुरू झाली, व आज आपल्या रुग्णालयांतहि ती शिकविली जाते. मोठ्यांस वाकळ, घोंगडी व आपली सोलापुरी चादर आहेच. एका जाड पांघरुणापेक्षां दोन पातळ पांघरुणें बरीं. मधल्या हवेच्या थरानें ऊब टिकते.

आणि खरी ऊब आंतून यावी. त्यासाठीं हुलग्याचें माडगें आमच्या भागांत पूर्वीपासून आहे. हुलगा हें कोरडवाहू हलक्या रानाचें कडधान्य. त्याच्या १०० ग्रॅमांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात, आणि प्रथिनें पचवितांना शरीरांत इतर अन्नापेक्षां अधिक उष्णता उत्पन्न होते. हुलगे निवडून मंद आंचेवर खमंग भाजावे व दळून आणावे. एक वाटी पीठ थोड्या गार पाण्यांत गुठळी न राहतां कालवावें. एकूण आठ वाट्या पाणी धरून उरलेल्या पाण्यास उकळी आणावी, त्यांत आलें, मीठ व आवडीप्रमाणें गूळ घालावा, मग कालवलेलें पीठ सोडून पंधरा मिनिटें ढवळीत राहावें. गोड नको असल्यास गूळ वगळून लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. वाढतांना वर तुपाची धार घ्यावी. रानांतून आलेल्या माणसास हें वाडगाभर माडगें व तव्यावरून उतरलेली मालदांडीची भाकरी शेंगाचटणीशीं मिळाली, म्हणजे शेकत बसण्याची त्याला फारशी गरज उरत नाहीं.

मीं नंतर गवंडी बोलावून त्या खोलीच्या भिंतींत छताखालीं समोरासमोर दोन झरोके पाडून घेतले, आणि त्यांस झडप लावूं दिली नाहीं. खोली पूर्वीपेक्षां किंचित् गार लागते. शेगडी तर त्या खोलींत पुन्हां गेलीच नाहीं. नात आतां अंगणांत धांवते. ज्यांच्या घरीं यंदा नवा स्लॅब पडला असेल व माहेरीं लेक यावयाची असेल, त्यांनीं तिच्या येण्यापूर्वीं एकदां मान वर करून छताकडे पाहावें, एवढीच विनंती.