खवले कुणी पाहिले? : मुंबईच्या बाजारात कोशर अन्न शोधताना

कोकणातल्या बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू पाहुणा अलिबागच्या परिसरात आला. इथले काही तेली शनिवारी घाणा बंद ठेवतात, मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात आणि ‘शेमा’ नावाची एकच प्रार्थना प्रत्येक प्रसंगी म्हणतात, हे त्याच्या कानावर आले. हे आपलेच लोक असावेत असे त्याला वाटले. पण खात्री कशी करायची? त्याने घरातल्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि ते रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे उचलले, बाकीचे आपण खात नाही म्हणून बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. पुढे त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, असे ही परंपरा सांगते.

रहाबी नेमका कधी आला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी त्याला हजारेक वर्षे मागे नेतात, तर कुणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेला या समाजाचा इतिहास आजही या चर्चेचा पाया आहे. काळ कोणताही असो, गोष्टीतली परीक्षा लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांच्याजवळ धर्मग्रंथाची पोथी नव्हती, रब्बाय नव्हता, त्यांची ओळख माशांच्या निवडीवरून पटली.

आता तीच परीक्षा उलटी करून पाहू. समजा, कोशरचे नियम काटेकोरपणे पाळणारा एक ज्यू पाहुणा आज मुंबईत आला आहे. हातात कापडी पिशवी घेऊन तो महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या क्रॉफर्ड मार्केटात शिरतो. त्याच्या पिशवीत काय पडेल, काय पडणार नाही आणि का?

नियमांचा गाभा

‘कोशर’ या हिब्रू शब्दाचा अर्थ योग्य, चालणारे. तोरामधल्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत मूळ याद्या आहेत. चतुष्पादांपैकी ज्यांचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतात ते चालतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांत बसतात; डुक्कर खुरात उत्तीर्ण होतो पण रवंथ करत नाही, उंट रवंथ करतो पण खुरात नापास होतो. जलचरांना पर आणि खवले दोन्ही हवेत. रक्त वर्ज्य. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा येते. तिच्यातून मांस आणि दूध एकत्र न करण्याचा, पुढे दोघांची भांडीही वेगळी ठेवण्याचा सगळा आचार उभा राहिला.

एवढ्यावर थांबले असते तर बाजारहाट सोपी होती. पण नंतरच्या काळात रब्बायांनी याभोवती आणखी कुंपणे घातली. दूध कोशर प्राण्याचेच आहे ना, त्यात दुसरे काही मिसळले नाही ना, हे धार काढताना कुणा ज्यू माणसाने पाहिलेले असावे. द्राक्षाची वाइन ज्यूंच्याच हातची असावी. शिजवण्यात ज्यू माणसाचा काही वाटा असावा. ही कुंपणे पाहिली की ध्यानात येते, की पदार्थ काय आहे या प्रश्नाच्या जोडीला तिथे सतत दुसरा प्रश्न उभा असतो : हे कुणी पाहिले? काटेकोर कोशर म्हणजे बऱ्याच अंशी साक्षीचे शास्त्र आहे.

फळे, भाज्या आणि निवडणे

मंडईचा फळविभाग पाहुण्यासाठी सर्वांत निर्धोक. सालीसकट केळी, चिकू, संत्री, आंबे यांना कुणाच्या साक्षीची गरज नाही. दारातले शहाळे तर उत्तमच. मात्र कापून ठेवलेल्या फळांच्या बशीपुढे तो थबकतो. सुरी आधी कशाला लागली होती? त्यातही कांदा, मुळा, लिंबू अशा उग्र किंवा आंबट वस्तू सुरीला चिकटलेली चव ओढून घेतात, असे धर्मशास्त्र मानते. म्हणून बारीक चिरलेला कांदा घातलेली भेळ त्याला परकीच राहते.

सुक्या मेव्याच्या दुकानात कवचातले बदाम चालतात. अंजीर आणि खजूर मात्र उकलून आत कीड नाही ना ते पाहावे लागते, कारण किडा-मुंगी खाणे स्पष्टपणे निषिद्ध आहे. पालेभाजीचे, फ्लॉवरचे तेच. काटेकोर घरात मेथी-कोथिंबीर पानपान करून, पाण्यात बुडवून, उजेडात धरून पाहतात. धान्य आणि पीठही चाळून घेतात. आपल्याकडे आजी सुपात तांदूळ घेऊन बसायची, त्याला आपण ‘निवडणे’ म्हणतो; कोशर स्वयंपाकघरातला कितीतरी वेळ याच कामात जातो. फरक एवढाच, की शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, अशी निवड करणेही वर्ज्य कामांत मोडते. निवडायचे ते आधीच निवडून ठेवावे लागते.

अंडी चालतात, पण प्रत्येक अंडे वेगळ्या भांड्यात फोडून त्यात रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहायचे. अख्खे मसाले, डाळी, कच्चे शेंगदाणे पिशवीत जातात. दळलेला मसाला म्हटला की पुन्हा प्रश्न : गिरणीत याच्याआधी काय होते? लालबागच्या मिरची गल्लीत आपल्या डोळ्यांदेखत मसाला कांडून घेणाऱ्या बायका पाहुण्याने पाहिल्या, तर त्याला घरच्यासारखे वाटेल. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळू नये म्हणून समोर बसून राहणे आणि कोशरची देखरेख, यांची मुळे वेगळी असली तरी सवय एकच आहे.

मासळीच्या पाटीपुढे

आता रहाबीच्या परीक्षेकडे वळू. मुंबईतला एक मोठा मासळीबाजार भरतो तो ससून डॉकवर. बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्याने बांधलेली ही गोदी १८७५ साली खुली झाली. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेल्या या धक्क्यावर आज कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा बसतात. ज्यू नावाच्या गोदीवर कोशरमध्ये न बसणाऱ्या जिनसांचे ढीग, असा हा मुंबईचा योग आहे.

कोळंबी, शेवंड, खेकडे, तिसऱ्या, माकूल हे सगळे बाद, कारण त्यांना ना पर ना खवले. शिंगाळ्याला पर आहेत, खवले नाहीत, तोही बाद. मुशीची गोष्ट थोडी बारकाईची आहे. तिच्या कातडीवर सूक्ष्म दातेरी कण असतात, हात फिरवला की पॉलिशपेपरासारखे लागतात. जीवशास्त्र त्यांनाही एका प्रकारचे खवले म्हणते. पण तेराव्या शतकातले भाष्यकार नाखमानिदेस यांनी स्पष्ट केले आहे, की कातडी न फाटता हाताने किंवा सुरीने सुटून येतो तोच धर्मशास्त्राच्या दृष्टीने खवला. मुशी या कसोटीला उतरत नाही. रावस आणि बांगडा उतरतात. पापलेटचे खवले बारीक आणि सहज गळणारे. पाटीत येईपर्यंत अंगावर फारसे उरत नाहीत. त्याचीही सोय तालमुदमध्ये आहे. पाण्याबाहेर येताना ज्याचे खवले गळून पडतात, तो मासाही चालतो.

मिश्नाचा आणखी एक नियम बाजारात फार उपयोगी पडतो : ज्याला खवले आहेत त्याला पर असतातच. म्हणजे ग्राहकाने खवले पाहिले की पुरे. म्हणूनच सोललेले, कातडी काढलेले तुकडे काटेकोर ग्राहक घेत नाही. तो मासा अख्खा मागतो किंवा निदान एका बाजूची खवल्यांसकट कातडी ठेवायला सांगतो. कोळिणीच्या ज्या कोयत्याने आताच मुशी कापली, त्या कोयत्याखाली आपला रावस जाऊ नये म्हणून मासा घरी नेऊन स्वतःच्या सुरीने कापतो. पण मासा ज्यू माणसानेच पकडावा किंवा मारावा, अशी अट नाही. मांसाइतके कडक बंधन त्याला नाही. समुद्रकाठच्या समाजाला कोशर राहणे का जमले, त्याचे एक उत्तर इथे आहे.

ठिपका, जैन आणि हलाल

मुंबईच्या बाजारात ‘यात काय आहे?’ हा प्रश्न नवा नाही. पुडीवर हिरवा ठिपका असतो, हॉटेलच्या पाटीवर ‘जैन’ लिहिलेले असते, खाटकाच्या दुकानात ‘हलाल’. पाहुण्याला वाटावे, यांतले काहीतरी आपल्या कामी येईल. थोडेसे येतेही, पण कोणतीही खूण पुरी पडत नाही.

हिरवा ठिपका मांस नसल्याचे सांगतो. पण तो वाइनपासून केलेल्या व्हिनेगरला चालतो, दुधाला चालतो आणि पालेभाजीतल्या किड्याबद्दल काही बोलत नाही. उलट अंड्याला भारतीय नियमांत हिरवा ठिपका नाही. कोशरमध्ये मात्र अंडे मांसाहारही नव्हे आणि दुग्धाहारही नव्हे, ते दोन्हींबरोबर चालते. जैन स्वयंपाक जीवजंतूंबद्दल जितका दक्ष, तितकाच कोशर दक्ष. पण कांदा-बटाट्याशी कोशरचे वैर नाही आणि जैनांना वर्ज्य असलेला मध कोशरला चालतो. हलालशी साम्य सर्वांत जवळचे : डुक्कर वर्ज्य, रक्त वर्ज्य, गळ्यावरून धारदार सुरी. तरीही हलाल मटण कोशर होत नाही. शोहेत हा शिकून परवाना मिळवलेला ज्यू कापणारा लागतो. नंतर जनावराच्या फुप्फुसांची तपासणी होते, ठरावीक चरबी आणि मागच्या मांडीतली शीर काढली जाते. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून तीनदा धुतात. बाजारात टांगलेल्या मटणाबद्दल यांतल्या एकाही गोष्टीची साक्ष कुणी देऊ शकत नाही.

चूल आली की

सर्वांत अवघड जागा म्हणजे गाडीवरचा बटाटेवडा. बटाटा, बेसन, मिरची, तेल, सगळे घटक निर्दोष. पण कढईत आधी काय तळले होते, आणि चूल कुणी पेटवली? युरोपीय परंपरेतल्या ज्यूंना चूल ज्यू हाताने पेटवलेली असली तरी पुरते. पूर्वेकडच्या परंपरेत पदार्थ ज्यू माणसानेच चुलीवर ठेवावा अशी अपेक्षा असते. म्हणून काटेकोर प्रवाशाला गरज लागते ती आपल्या माणसाच्या चुलीची. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का वाटसरूंसाठी अशीच चूल पेटती ठेवत होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दोघेही मारले गेले. २०१४ साली ते केंद्र पुन्हा सुरू झाले. शेकडो मैल दूर आलेल्या माणसाला विश्वासाचे एक ताट मिळणे म्हणजे काय, हे त्या इमारतीवरून कळते.

बेने इस्रायलांनी काढलेल्या वाटा

क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर मस्जिद बंदरचा इस्रायल मोहल्ला आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली उभारलेले ‘शाआर हारहमीम’ हे सिनेगॉग तिथेच आहे. बेने इस्रायल सिनेगॉगला मशीद म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. या समाजाने बाजाराशी भांडण न करता बाजारातूनच वाटा काढल्या. मटणाच्या रश्शात दही-दूध चालत नाही. त्यांनी नारळाचे दूध घातले. नव्या वर्षाचा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालूनच होतो, त्यामुळे तो मटणाच्या जेवणानंतरही चालतो. शब्बाथच्या आशीर्वादाला ज्यूंच्या हातची वाइन मिळेना, तेव्हा त्यांनी मनुका भिजवून घरीच सरबत केले. एलियाहू हान्नाबीच्या नावाने होणारा मलिदा भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा. त्याला घरात चूलही लागत नाही.

रहाबी येण्याआधी यातली किती कारणे त्यांना ठाऊक होती? फारशी नसावीत. पेसाह या सणात आंबवलेले वर्ज्य असते, हे विस्मरणात गेले, तरी सणाचे नाव राहिले ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट द्रावाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. कारण विसरले, हात विसरले नाहीत.

आणि तरीही याच लोकांना पुढे साक्ष मागितली गेली. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश तिथल्या धर्मपीठाने काढले. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. ज्यांच्या आजीने पाटीतला मासा निवडून ओळख दिली होती, त्यांच्या नातवंडांना ओळखीसाठी रस्त्यावर बसावे लागले.

आपल्या पाहुण्याची पिशवी आता भरली आहे : केळी, कवचातले बदाम, अख्खा मसाला, अंडी आणि अख्खा रावस. कोळीण कोयता उचलून खवले काढू का म्हणून विचारते. तो नको म्हणतो. घरी पोचेपर्यंत ते खवले हीच त्या माशाची साक्ष आहे.