पत्र्याची हनुवटी

पेठ वडगाव इतिहासात सरसेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे आणि पंचक्रोशीत बाजारपेठेमुळे ओळखले जाते. ते ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात शिरोलीची औद्योगिक वसाहत आणि चांदीकामाची हुपरी असल्याने धातू घडवणारे हात या भागाला नवे नाहीत. बाबूराव पेंटर यांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता, आणि मिळत नाही ते घडवण्याच्या त्या परंपरेतच वेल्डरने पत्र्यातून स्वतःचे हेल्मेट करणे बसते. उसाच्या ट्रॉल्या आणि गुऱ्हाळाच्या काहिली दुरुस्त करणाऱ्या दुकानात त्यासाठीचा पत्रा, कात्री, लाकडी हातोडा आणि रिव्हेट बहुधा हाताशी असतातच.

पत्रा एका दिशेने वाकवणे सोपे असते, कारण पाइपावर ठेवून दाबला की तो गालाभोवतीचा गोलावा घेतो; हनुवटीपाशी मात्र त्याला आडवे आणि उभे असे दोन्ही बाजूंनी वळावे लागते, आणि सपाट पत्र्याला ते मुळात अमान्य असते. तेथे काठाचा धातू जास्त होतो आणि मधला कमी पडतो. पाचरीच्या आकाराच्या चिरा पाडून कडा जोडता येतात, परंतु २२ गेजचा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा विजेच्या रॉडखाली चटकन जळून त्याला भोक पडते. खरे कौशल्य दुसऱ्या मार्गात आहे: वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून मधला भाग ठोक्याठोक्याने ताणायचा, काठावर मुद्दाम चुण्या पाडायच्या आणि त्या पसरू न देता जागच्या जागी ठोकून जिरवायच्या, म्हणजे काठ आखडून जाड होतो आणि मध्यभाग फाटण्याइतका पातळ होत नाही. मठारण्याने धातू कठीण होत जातो, आणि हातोड्याचा आवाज टणक झाला की पत्रा तांबूस होईपर्यंत तापवून मऊ करावा लागतो. तांबे तापवून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते, पोलाद मात्र हवेत सावकाश निवू द्यावे लागते. शेवटी काठ तारेवर गुंडाळला की धारही जाते आणि सबंध कवच ताठ होते. हे काम पाहताना त्या हातांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

याहून अवघड आहे ती खिडकी. सुमारे १०८ बाय ८२ मिलिमीटरच्या काळ्या काचेला पूर्ण सपाट चौकट हवी, आणि भोवतीचा पत्रा गोल असल्याने सपाटीचा प्रत्येक कोपरा उघडू पाहतो. अंधाऱ्या खोलीत बाहेरून विजेरी धरून आतून पाहिले की फटी ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतून येणारे अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला भाजतात, आणि त्याची वेदना काही तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी सुरू होते. बटाट्याच्या चकत्यांनी गारवा मिळतो, पटल त्याने बरे होत नाही.

पत्रा जे दोष सोबत आणतो, त्यांची चिंता कौतुकाहून मोठी आहे. या जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेपाच किलो भरते, त्यामुळे तयार हेल्मेट काच व पट्टा धरून किलोच्या पुढे सहज जाते आणि ते सगळे मानेवर येते. अ‍ॅल्युमिनिअम तिपटीने हलके, पण ठोकताना लवकर चिरते. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा तर घेऊच नये, कारण तापवताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. बाजारातले हेल्मेट फायबर वा प्लास्टिकचे असते ते केवळ स्वस्ताईसाठी नव्हे. ज्याच्या होल्डरवर रॉड टेकण्यापूर्वीही पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतात, त्या कामात घामेजलेल्या कपाळाला टेकलेले धातूचे रिव्हेट धोक्याचे ठरतात, म्हणून पट्टा प्लास्टिकचा आणि आतले अस्तर चामड्याचे असावे लागते. आतील बाजू चमकती राहिल्यास मागून शिरलेला उजेड परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, म्हणून तिला बिनचकाकीचा काळा रंग हवा. एवढे करूनही काच घडवता येत नाहीच; शंभर-दीडशे अँपिअरच्या कामाला साधारण १० क्रमांकाची काच लागते, आणि क्रमांक नसलेली गडद काच उजेड अडवते म्हणून अदृश्य किरणही अडवतेच असे नाही.

वजनाला कंटाळून अनेक जण हातात धरायच्या स्क्रीनकडे वळतात, पण तिच्यात एक हात अडकतो, आणि ट्रॉलीचा अँगल जागेवर धरायला दुसरा माणूस नसला की वेल्डर नेमकी तीच स्क्रीन खाली ठेवतो आणि डोळे मिटून पहिला टाका मारतो.