पॉवर बँकवरचा मोठा आकडा आणि राऊटरचा हिशोब

दिग्रसमध्ये वारा-पाऊस सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा. फोन चालू राहतो, पण वायफाय बंद आणि मुलांचा ऑनलाइन अभ्यास अर्ध्यावर. तेवढ्यासाठी महागडा इन्व्हर्टर घ्यायलाच हवा असं नाही.

आधी अडॅप्टर वाचूया. आमच्या राऊटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर लिहिलंय. गुणाकार केला की जास्तीत जास्त 12 वॅट. प्रत्यक्षात राऊटर साधारण निम्मेच खातो.

आता पॉवर बँक. वर ठळक 10,000 एमएएच असतं. पण हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा, म्हणजे 37 वॅट-तास. त्याचे आधी 5 आणि मग राऊटरसाठी 12 व्होल्ट करताना बरीच वीज उष्णतेत जाते. हाती 24 धरा. 6 वॅटचा राऊटर चार तास चालेल. फक्त 5 चे 12 व्होल्ट करणारी केबल घ्या; साध्या यूएसबी वायरीवर तो चालत नाही, आम्ही करून बसलोय! सहरीला 3 वॅटचा यूएसबी बल्ब याच पॉवर बँकवर आरामात जळतो.

पंखा हवा असेल तर मात्र इन्व्हर्टरच. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी तिसाच्या आसपास.

आणि फुगलेली पॉवर बँक चार्जिंगला लावू नका, घंटागाडीतही टाकू नका. आग लागू शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.