छाती किती धक्का सोसते?

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली तर आतल्या माणसाचे काय होते? हा वेग सेकंदाला सुमारे 14 मीटर भरतो. जवळजवळ 10 मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर याच वेगाने पोहोचते. मात्र इजा निव्वळ वेगामुळे होत नाही. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, याला महत्त्व असते.

गतीचे तिसरे समीकरण वापरून पाहू. मोटारीचा पुढचा भाग चेपतो, सीटबेल्ट थोडा ताणला जातो आणि छाती 50 सेंटिमीटर अंतरात थांबते, असे समजा. सरासरी ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे 20 पट, म्हणजे 20 जी येते. बेल्ट नसेल तर शरीर जडत्वामुळे पुढे जात राहते. ते स्टिअरिंगवर आदळून 5 सेंटिमीटरमध्ये थांबले, तर हाच आकडा 200 जी होतो.

मग मर्यादा कोठे आखायची? 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप न्यू मेक्सिकोत रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला घट्ट बांधून बसले. ताशी सुमारे 1017 किलोमीटर वेगावरून गाडी 1.4 सेकंदांत थांबली. त्यांनी 46 जीपर्यंतचा धक्का सोसला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते बचावले.

अमेरिकेच्या 208 क्रमांकाच्या मोटार सुरक्षा मानकानुसार चाचणीतील पुतळ्याच्या छातीत परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांतील त्वरणे मोजतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे एकूण त्वरण. ते 60 जीच्या वर एकंदर 3 मिलिसेकंदांपेक्षा अधिक काळ राहता कामा नये. एवढी सूट का? 60 जी त्वरण 3 मिलिसेकंद टिकले तरी वेगात सेकंदाला 1.8 मीटरचाच फरक पडतो. क्षणिक टोकापेक्षा टिकून राहणारा धक्का घातक असतो.

पण त्वरण तेवढेच असूनही अरुंद पट्ट्याखाली बरगड्या अधिक वाकतात, एअरबॅगवर कमी. म्हणून छाती किती दबते हेही मोजतात. मध्यम बांध्याच्या पुरुष पुतळ्यासाठी ही मर्यादा पूर्वी 76 मिलिमीटर होती. 2000 सालच्या नियमाने ती 63 केली.

विद्यार्थ्यांना एक गणित अवश्य घाला : 10 किलोचे मूल मांडीवर आहे आणि धक्का 20 जीचा आहे. त्याला धरून ठेवायला 200 किलो वजन पेलण्याइतके बल लागेल. कोणत्या आईबापाच्या हातांत ते असते?