सुट्टीत चला झाडीपट्टीत!

दोस्तांनो, सहामाही असो की वार्षिक, शेवटचा पेपर संपला रे संपला की घरोघरी एकच प्रश्न : या सुट्टीत कुठे जायचं? कुणाला गोवा हवा असतो, कुणाला महाबळेश्वर. वेस्ट इंडीजची बेटं आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. पण जगभरचे लोक तिथं निळ्याशार समुद्रात डुंबायला जातात! आज मात्र आपण अशा मुलखात जाणार आहोत, जिथं समुद्राचा थेंबही नाही. आहेत ती जंगलं, मोठमोठ्या नद्या आणि वाघोबा! महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे ते जिल्हे. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. इथल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात.

निघण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे जंगल म्हणजे शहरातली बाग नव्हे. इथं माणसंही राहतात आणि जनावरंही. आपण त्यांच्या घरी पाहुणे.

परकोटाच्या खिडक्या शोधा

सुरुवात चंद्रपूर शहरापासून करू. ही गोंड राजांची राजधानी. शहराभोवती त्यांनी बांधलेला दगडी परकोट आजही उभा आहे. त्याला चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे बरं का! त्यांची नावं तरी बघा : हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसान! दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचं चिन्ह. तो कुणाला आधी सापडतो, याची भावंडांत शर्यत लावा.

ताजमहाल बादशहानं बेगमेसाठी बांधला, हे तुम्ही शिकलात. इथं उलटं आहे. राणी हिराईनं आपला पती बीरशहा याची सुंदर समाधी बांधली. तीही नक्की बघा. परकोटावर अनेक वर्षं झाडंझुडपं माजली होती. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी रोज पहाटे श्रमदान करून तो साफ करायला घेतला. तेव्हा त्यावर चढून आपलं नाव कोरायचा मोह झालाच, तर त्यांचा घाम आठवा!

वाघ दिसला नाही तर?

आता ताडोबा! १९५५ साली झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. नाव कसं पडलं म्हणाल, तर तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, असं गोंड लोक सांगतात. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे.

पहाटे जिप्सीत बसलात की सगळ्यांचा एकच धोशा : वाघ कुठंय? आणि वाघ दिसला नाही, की तोंडं पडतात. अहो, वाघ आधी ऐकायचा असतो! चितळ घाबरून ओरडलं, झाडावरच्या वानरानं खाकरल्यासारखा आवाज काढला, की समजा जवळपास कुणीतरी फिरतंय. धुळीत पंजाचे ठसे शोधा. मगरीच्या पाठीसारखी साल दिसली तर तो ऐन. पांढराफटक बुंधा दिसला तर तो कांडोळ. अंधारात त्याला बघून भुताची आठवण येतेच! तलावात खऱ्या मगरीही आहेत. हे सगळं बघितलंत, तर वाघ न दिसताही फेरी फुकट जात नाही.

ड्रायव्हरकाकांना ‘अजून जवळ घ्या ना’ असं मात्र म्हणू नका. वाघाची वाट अडवणं हा पाहुण्यानं केलेला आगाऊपणाच!

मोह वेचणारी मुलं

मार्च-एप्रिलमध्ये इथल्या रानात मोहाची फुलं गळतात. गोड, रसरशीत. पहाटेच घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. या पैशांवर वर्षाचा बराच खर्च भागतो. तुम्ही जिप्सीत बसून ज्या वाघाची वाट बघता, त्याच वाघाच्या रानात ही माणसं पायी, वाकून फुलं वेचत असतात. वाकलेल्या माणसाला वाघ सावज समजण्याचा धोका असतो. अशा हल्ल्यांत माणसं दगावली आहेत. तरीही हे लोक वाघाला देव मानतात. गावात गेलात तर फोटो काढण्याआधी विचारा. आणि जमलं तर मोहाची फुलं चाखा!

हत्तींनाही सुट्टी!

गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यात कमलापूर आहे. तिथं वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी हे हत्ती सागाचे ओंडके ओढायचे. गंमत म्हणजे हिवाळ्यात काही दिवस त्यांनाही सुट्टी मिळते! त्या दिवसांत त्यांच्या पायांना औषधी वनस्पतींचा शेक देतात. तेव्हा भेट बंद असते, म्हणून आधी चौकशी करून जा.

पुढे भामरागड तालुक्यात हेमलकसा. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी इथं दवाखाना चालवला, शाळा उभी केली. माडिया लोक पोटासाठी शिकार करत. मारलेल्या माकडिणीचं जिवंत पिलू डॉ. प्रकाश यांनी मागून घेतलं आणि वाढवलं. मग एकेक करत अनाथ प्राण्यांचं घरच तयार झालं. शिकाऱ्यांवर न रागावता त्यांची भूक समजून घेतली, म्हणून हे जमलं. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दगड झालेली झाडं

अगदी दक्षिणेला सिरोंचा. तिथल्या वडधम जीवाश्म उद्यानात चक्क दगड बनलेली झाडं आहेत! ती डायनोसॉरच्या युगातली. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात एका प्रचंड डायनोसॉरची हाडं सापडली. त्याचं नाव बारापासॉरस, म्हणजे ‘मोठ्या पायाचा’. रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून त्याच्या जातीला ‘टागोराय’ म्हणतात. त्याचा सांगाडा कोलकात्याला आहे.

निघताना

• उन्हाळ्यात इथं पारा ४५ अंशांच्याही वर जातो. टोपी आणि भरपूर पाणी हवंच. गडचिरोलीसाठी दिवाळीची सुट्टी उत्तम. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर!

• ताडोबाची फेरी आधीच आरक्षित करा. मंगळवारी उद्यान बंद असतं.

• मातकट रंगाचे कपडे घाला. प्लॅस्टिकची पिशवी रानात टाकू नका.

• एक वही न्या. रोज पाहिलेला एक प्राणी, एक झाड आणि भेटलेलं एक माणूस तिच्यात लिहा. माणसाचं पान कोरं राहिलं, तर तुमची सहल अर्धीच झाली म्हणायची!