साठवलेली प्रत आणि आजचा पाठ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला व वसई तालुका त्यात समाविष्ट झाला. वसई-विरारविषयीची पृष्ठे संकेतस्थळांवरून आज्ञावलीच्या द्वारा गोळा करून त्यांतील भाषेचा अभ्यास करणाऱ्यास अशा बदलाच्या वेळी एक अडचण संभवते. पृष्ठावर ‘जिल्हा पालघर’ अशी दुरुस्ती झाली असूनही आज्ञावलीच्या हाती ‘जिल्हा ठाणे’ हाच पाठ पडतो. मूळ पृष्ठ दुरुस्तच झाले नसेल, तर जुना पाठ हा खरा पुरावा होय. केवळ साठवलेली प्रत हाती आली असेल, तर तो पुराव्याचा आभास होय. हा भेद कसा ओळखावा, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रत साठण्याची स्थाने मुख्यत्वे तीन: आपली आज्ञावली, वाटेतील सर्व्हर आणि मूळ सर्व्हर. प्रथम आपले घर तपासावे. पायथनमधील ‘रिक्वेस्ट्स’ स्वतः प्रती साठवीत नाही. तीस ‘रिक्वेस्ट्स-कॅश’ जोडल्यास मात्र साठवते. तसेच ३०४ क्रमांकाचे उत्तर म्हणजे ‘बदल नाही, तुमचीच प्रत वापरा’ असा निरोप होय. त्यासोबत मजकूर येत नाही, हे ध्यानी धरावे.

त्यानंतर उत्तराचे शीर्षलेख वाचावेत. ‘एज’ या शीर्षलेखातील आकडा मूळ सर्व्हरकडून प्रत आल्यास, अथवा तेथे ती पडताळल्यास, किती सेकंद लोटले ते सांगतो; ८६४०० म्हणजे एक दिवस. मग ‘कॅश-कंट्रोल: नो-कॅश’ अशी विनंती धाडावी. या संज्ञेचा शब्दार्थ फसवा आहे. तिचा आशय ‘साठवू नका’ असा नसून ‘पडताळल्यावाचून देऊ नका’ असा आहे. साठवणुकीची मनाई ‘नो-स्टोअर’ने होते. काही मधले सर्व्हर ही विनंती मानीत नाहीत. तेव्हा पत्त्याच्या शेवटी पूर्वी न वापरलेले एखादे प्रचल जोडून एकदा तुलना करावी. प्रत्येक वेळी तसे केल्यास दुसऱ्याच्या सर्व्हरवर व्यर्थ भार पडतो.

एवढ्यानेही जुनाच पाठ आला, तर दोष मूळ सर्व्हरच्या साठवणीत असेल, किंवा दोष नसेलही. मराठी विकिपीडियावर हा निर्णय सुलभ आहे. तेथे प्रत्येक आवृत्तीस क्रमांक व वेळ असते. म्हणून नमुन्यासोबत आवृत्तीचा क्रमांक आणि पृष्ठ आणल्याची वेळ अवश्य नोंदवावी. हस्तलिखिताचा काळ न पाहता त्यातील रूप प्रमाण मानणे जितके अशास्त्रीय, तितकेच हेही होय.